बंदूक त्यांची, कलम आपलं

पोट्टे हो, आधी पुरतं वाचा, मंग शिव्या द्या.

आमच्या पातुरातला, आमच्याच वस्तीतला एक पोट्टा गेल्या पावसाळ्यापासून सातपुड्याच्या पल्याड जेलात आहे. वय बावीस. बी. ए. च्या दुसऱ्या वर्षाला होता. नाव छापत नाही. त्याची माय म्हणाली, "भाऊ, लिहाचं ते लिही, पण नाव नोको टाकू. पोरीचं जमवाचं हाय."

सापडलं काय त्याच्यापाशी? एक कट्टा, दोन काडतुसं. मोटारसायकल चालवणारा दोस्त होता, तोही आत. मोटारसायकल जप्त, आणि तिचे हप्ते बाप अजून भरतो आहे. कट्ट्याचे पैसे मायच्या बचत गटातून उचललेले. तिला सांगितलं होतं, क्लासची फी भरायची.

हे लिहायचं कारण असं की आमच्यातलेच काही बहाद्दर चौकात बसून त्याचा पोवाडा गातात. वाघ होता म्हणे. पँथर होता म्हणे. मी त्याला भेटून आलो. जाळीपल्याड वाघ-बिघ काही नव्हता. अंगभर खाज उठलेलं, वाळून काडी झालेलं पोरगं होतं. त्यानं मला पहिला प्रश्न विचारला तो असा : "भाऊ, परीक्षेचा फॉर्म भरता येईन का?"

तो कट्टा आणायला का गेला, ते आधी सांगतो. नाही तर पांढरपेशे वाचक लगेच म्हणतील, बघा, यांची पोरं गुन्हेगारीकडे वळली.

त्याच्या आदल्या वर्षी तालुक्यातल्या एका गावी जयंतीच्या मिरवणुकीत याला भर चौकात झोडपलं. जातीवरून शिवी दिली. मारणारा बागायतदाराचा पोरगा. यानं ॲट्रॉसिटीची फिर्याद दिली. गावात फिर्याद देणं म्हणजे काय असतं ते शहरातल्या कवींना सांगून कळायचं नाही. मजुरी बंद, दळण बंद, रस्त्यात आडवी लावलेली बैलगाडी. आणि त्या बागायतदाराच्या घरात भिंतीला लटकलेली बारा बोअरची बंदूक. लायसनची. पोराच्या लग्नात मांडवात तीच वाजवली होती, व्हिडिओ सगळ्यांच्या मोबाईलवर आहे. लग्नात बंदूक वाजवणं २०१९ पासून गुन्हा आहे. दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. व्हिडिओ आहे. गुन्हा नाही.

ती बंदूक रोज डोळ्यासमोर. म्हणून पोट्ट्यानं ठरवलं, आपल्यापाशीही पाहिजे. बाळापूर, शेगाव, जळगाव जामोद, वरचा घाट, की लागलाच बुऱ्हाणपूर जिल्हा. परतताना नाक्यावर धरले गेले.

आता कायदा ऐका. मी वकील नाही. पण या पोराच्या पायी आर्म्स ॲक्ट १९५९ घरात आणून ठेवला आहे, आणि रात्री गाथा वाचावी तसा वाचतो आहे.

लायसन नसताना बंदूक नुसती जवळ बाळगली, कोणावर रोखली नाही, खिशातून काढली नाही, तरी कलम २५. पूर्वी किमान एक वर्ष, कमाल तीन. १४ डिसेंबर २०१९ पासून किमान दोन, कमाल पाच. "पहिलाच गुन्हा हाय साहेब" म्हणून रडलात तरी दोनच्या खाली यायला न्यायाधीशाला खास कारण लिहून द्यावं लागतं. ही झाली सगळ्यात हलकी गोष्ट. आता जड ऐका. बेकायदा हत्यार बनवणं, विकणं यासाठी सात वर्षं ते जन्मठेप. त्या ओळीत २०१९ च्या दुरुस्तीनं हत्यार "मिळवणं" हेही घातलं. भट्टीवर जाऊन विकत घेतलं ते काय केलं? मिळवलंच ना? त्याच्या पुढे आणखी एक खड्डा : हत्यारांची अवैध तस्करी. दहा वर्षं ते जन्मठेप. तस्करी म्हटली की आपल्या डोळ्यासमोर ट्रक येतो, जहाज येतं. कायद्यानं केलेली व्याख्या वेगळी. ज्या हत्यारावर कायद्यानं ठरवलेली खूण-नंबर नाही, त्याची देशातल्या देशात नुसती ने-आणसुद्धा त्या व्याख्येत बसवता येते. आता मला सांगा, गावठी कट्ट्यावर कोणता नंबर असतो?

म्हणजे एकच पोट्टा, एकच कट्टा, एकच रस्ता. लिहिणाऱ्याच्या पेनात जी शाई असेल तसं. दोन वर्षं, सात वर्षं, नाही तर दहा. घरी चोरून ठेवला असता तर किमान दोनाची भीती होती. हद्द ओलांडून आणला म्हणून "आंतरराज्य टोळी" असा मथळा तयार. आंतरराज्य! या लेकराचं आंतरराज्य म्हणजे मायचा डबा आणि शंभराचं पेट्रोल.

दोस्त म्हणतो, मी तर गाडी चालवत होतो, माझ्यापाशी काहीच नव्हतं. सुप्रीम कोर्टानं १९७२ सालीच गुनवंतलाल खटल्यात सांगून ठेवलं आहे की ताबा म्हणजे हातात असणंच नव्हे. माहीत असणं आणि आपल्या काबूत असणं पुरे. त्याला माहीत होतं की नव्हतं, हे आता कोर्टात ठरेल. तोवर तो आत. आणि एसटीनं आलो असतो तर वाचलो असतो, असंही कोणी समजू नका. संशयास्पद रीतीनं हत्यार नेणाऱ्याला वॉरंटाशिवाय धरायचा अधिकार कलम २० नं पोलिसाला दिला, तसा गाडीवर काम करणाऱ्या कोणालाही दिला. तिकीट फाडणारा कंडक्टर तुम्हाला अटक करू शकतो, बाप्पा.

आणि हद्द! ही हद्द तरी कोणी आखली? माझा आजा बुऱ्हाणपूरच्या बाजाराला जायचा तेव्हा ते सगळं एकच होतं. मध्यप्रांत आणि वऱ्हाड. १ नोव्हेंबर १९५६ ला वऱ्हाड मुंबई राज्यात गेलं, निमाड मध्यप्रदेशात राहिलं. डोंगर तोच, कोरकू तोच, भूक तीच. कायदाही तोच, केंद्राचा. हद्दीनं बदलतं ते एवढंच : पातुरात पकडला असता तर अकोल्याला तारखेला बाप सकाळी जाऊन संध्याकाळी घरी आला असता. पल्याड पकडला की एक तारीख म्हणजे दोन दिवसांची मजुरी बुडाली. वकील अनोळखी, कागद हिंदीत. जामीन मिळाला तर जामीनदार तिकडचाच पाहिजे, आणि तिथं जामिनाला जमिनीची ऋणपुस्तिका मागतात. आमच्यापाशी इथला सातबारा नाही, तिथली ऋणपुस्तिका कुठून आणू? भूमिहीनाला जामीनही भूमिहीनच मिळत नाही. या एका वाक्यावर मी त्या कोर्टाच्या पायरीवर तासभर बसून होतो.

अर्धा राग माझा पोरांवर आहे. उरलेला कोणावर, ते आता.

या देशात बंदूक नेहमी जात पाहून दिली गेली. लॉर्ड लिटनच्या सरकारनं १८७८ साली आर्म्स ॲक्ट आणला. गोऱ्यांना लायसन लागायचं नाही, काळ्यांना लागायचं. मग काळ्यांतही निवड. ज्या महारांनी कोरेगावला १८१८ साली कंपनीच्या बाजूनं लढून रक्त सांडलं, त्यांची लष्करभरती १८९२ च्या सुमारास बंद केली. का, तर हे लढाऊ वंशाचे नाहीत! गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली अर्ज लिहिला. शिवराम जानबा कांबळ्यांनी पुढे लिहिला. महार रेजिमेंट उभी व्हायला १९४१ उजाडलं. आज तिचं केंद्र सागरला आहे, मध्यप्रदेशात. त्याच मध्यप्रदेशात, ज्याच्या जेलात आमचा पोट्टा आहे. सरकारच्या कामासाठी आमच्या भावानं मशीनगन घेऊन दहा राज्यं ओलांडली तर पदक. स्वतःच्या जिवासाठी आमच्या पोरानं एक नळी आणली तर टोळी.

ते जाऊ द्या, इंग्रजांची गोष्ट झाली म्हणाल. आज काय आहे? कर्नाटकात कोडगू जिल्हा आहे. तिथल्या कोडवा माणसाला आणि जम्मा जमीन धारण करणाऱ्याला बंदुकीचं लायसन लागत नाही. जन्मानं सूट! इंग्रजांनी दिली, स्वतंत्र भारतानं चालू ठेवली, २०१९ साली आणखी दहा वर्षं वाढवली, आणि २०२१ च्या सप्टेंबरात कर्नाटक हायकोर्टानं कायम केली. जिल्ह्याबाहेर प्रवासाला निघाला तरी एक रायफल, शंभर राउंड, शिवाय एक साधी बंदूक आणि पाचशे काडतुसं बरोबर नेता येतात. कोडव्यांशी माझं भांडण नाही. त्यांची परंपरा त्यांना लखलाभ. माझा प्रश्न दिल्लीला आहे. जन्म पाहून हत्यार देता येतं हे तुम्हाला मान्य आहे तर! मग जन्म पाहून ज्यांचे डोळे काढले गेले त्यांचं काय?

डोळे काढले, हे अलंकार म्हणून लिहीत नाही. १९७४ चा सप्टेंबर. आमचाच अकोला जिल्हा. धाकली गाव. गवई बंधू. दोघा भावांचे डोळे काढले. गुन्हा एवढाच की घरातल्या पोरीच्या अब्रूचा जाब विचारला. त्या दोघांना घेऊन पँथरचे लोक पंतप्रधानांच्या दारापर्यंत गेले. माझा बाप तेव्हा पोट्टा होता. तो सांगायचा, त्या वर्षी वस्तीत कोणी दिवा मालवून झोपत नव्हतं.

आणि लायसनची तऱ्हा बघा. कायद्यात पिकाच्या संरक्षणासाठी ठासणीची बंदूक देण्याची सोय आहे. रानडुकरापासून तूर वाचवायची म्हणून. ज्याला वावर नाही त्याला पीक नाही, ज्याला पीक नाही त्याला बंदूक नाही. डुकरापासून तूर वाचली पाहिजे. बागायतदारापासून मजूर वाचला पाहिजे असं कोणत्या रकान्यात लिहायचं?

लायसनवाल्याची चूकही कशी लाडाची असते! लायसनवर क्षेत्र लिहिलेलं असतं. कुणाचं राज्यापुरतं, कुणाचं अख्ख्या भारताचं. समजा बागायतदार महाराष्ट्रापुरतं लायसन घेऊन सोयऱ्याच्या लग्नाला खांडव्याला गेला, बंदूक जीपमध्ये. धरला. लायसनच्या अटीचा भंग म्हटला की कलम ३० : सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड. दंड भरून माणूस जेवणाच्या पंगतीला हजर. आमच्या पोट्ट्याला किमान दोन वर्षं. दोघांनी ओलांडली ती हद्द तीच.

संजय दत्तचं नाव तुमच्या तोंडी आहेच, म्हणून तेही घेतो. १९९३ च्या जानेवारीत भरूचहून गाडीच्या पोकळीत लपवून एके-५६ मुंबईत आल्या. राज्याची हद्द ओलांडूनच आल्या. त्यातली एक त्यानं ठेवून घेतली. टाडातून सुटला, आर्म्स ॲक्टखाली सापडला. सहा वर्षांची शिक्षा सुप्रीम कोर्टानं २१ मार्च २०१३ ला पाचावर आणली. २५ फेब्रुवारी २०१६ ला येरवड्यातून बाहेर पडला. शिक्षा भोगली, मी नाकारत नाही. पण खटला चालू असताना तो पडद्यावर आपल्याला गांधीगिरी शिकवत होता. बाप खासदार, वकील एकाहून एक, मधे पॅरोल, मधे फर्लो. तुमच्यासाठी कोण पिक्चर काढणार आहे, लेको?

आता पँथर. ज्यांच्या नावावरून आपल्या लोकांनी १९७२ साली हे नाव उचललं, ते अमेरिकेतले काळे पँथर हातात बंदूक घेऊन रस्त्यावर उतरले होते. तिथं तो हक्क घटनेत आहे. कॅलिफोर्नियात भरलेली बंदूक उघडपणे बाळगणं तेव्हा कायदेशीर होतं. काळे बंदुका घेऊन पोलिसांवर पाळत ठेवू लागले, तशी मल्फर्ड नावाच्या आमदारानं बंदीचं बिल आणलं. २ मे १९६७ ला पँथर बंदुकांसह विधानभवनात गेले, आणि त्याच वर्षी गव्हर्नर रेगननं कायद्यावर सही केली. गोऱ्याच्या हातात होती तोवर बंदूक म्हणजे हक्क. काळ्याच्या हातात आली, बंदूक म्हणजे गुन्हा.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एच. रॅप ब्राऊनला धरलं. कशासाठी? आपल्या पोट्ट्याला धरलं त्याचसाठी. राज्याच्या हद्दीपार बंदूक नेली. मेरिलँडमध्ये त्याच्यावर आरोप ठेवलेला होता, आणि आरोप असलेल्यानं हत्यार एका राज्यातून दुसऱ्या राज्यात न्यायचं नाही असा तिथला कायदा. न्यूयॉर्कहून लुइझियानाला विमानानं जाताना त्याच्याबरोबर कार्बाइन होती. १९६८ साली पाच वर्षांची शिक्षा. आणि न्यायाधीश खटल्याआधीच म्हणून बसला होता की या काळ्याला मी पकडणार. ते उघडकीला आलं आणि १९७६ साली शिक्षा रद्द झाली. आठ वर्षांनी! तोवर चळवळ कुठच्या कुठे गेली होती. पुढे एका पोलिसाच्या खुनासाठी २००२ साली त्याला जन्मठेप झाली, हेही लपवत नाही. आपल्या पोरांच्या भिंतीवरच्या फोटोत ही बाकीची कहाणी येत नाही, फक्त उंचावलेली मूठ येते.

बाबासाहेबांचं काय म्हणणं होतं? १९४८ च्या डिसेंबरात घटना समितीत कामथांनी हत्यार बाळगण्याचा मूलभूत हक्क मागितला. बाबासाहेबांनी विरोध केला. चोर-दरोडेखोरांनाही हा हक्क द्यायचा का, असा त्यांचा रोख होता. मला पूर्वी हे वाचून राग यायचा. आता वाटतं, त्यांना गाव माहीत होतं. सगळ्यांना बंदूक म्हटलं की गावात ती आधी कोणाच्या ओसरीवर पोचते, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? महाडला मार्च १९२७ मध्ये आपल्या लोकांना जेवताना झोडपलं. उलटा हात उचलायला शेकडो तयार होते, त्यांत पलटणीतून आलेले होते, ज्यांना हत्यार चालवता येत होतं. बाबासाहेबांनी त्यांना आवरलं. भ्याले म्हणून आवरलं असं कोणी म्हणून दाखवावं.

आणि तुम्ही? तलवारीनं केक कापता. हत्यार हातात धरून रील काढता. मोठ्या पात्याच्या तलवारीलाही हेच कलम लागतं, हे माहीत आहे? स्वतःच्या गुन्ह्याचा पुरावा स्वतःच्याच मोबाईलवर, वर गाणं लावून! मग तडीपारीची नोटीस येते, दोन वर्षं जिल्ह्याबाहेर. पोलीस भरतीची चारित्र्य पडताळणी येते. ज्या नेत्याच्या वाढदिवसाला तुम्ही हे करता त्याच्या मागे सरकारी बंदूकवाला उभा असतो. तुमच्या मागे कोणी नसतं, मायशिवाय.

सगळ्यात मोठं नुकसान तर अजून सांगितलंच नाही. त्या पोट्ट्याची ॲट्रॉसिटीची केस. चौकातल्या माराची. तिचे साक्षीदार होते, तेही हिमतीचे. आता समोरचा वकील एकच सांगतो : फिर्यादी स्वतः हत्यारांच्या गुन्ह्यात जेलात आहे. एक साक्षीदार ढिला पडला. बागायतदार ओसरीवर बसून हसतो. त्याला बंदूक उचलावी लागली नाही, काडतूस खर्चावं लागलं नाही. ज्या कट्ट्यानं त्याला भ्यायचं होतं, त्याच कट्ट्यानं त्याला सोडवलं.

मग आम्ही काय, मार खात बसायचं? असं विचाराल. विचारलंच पाहिजे. हे वाचा. अत्याचार प्रतिबंध कायद्याचे १९९५ चे नियम. नियम ३. अत्याचार होऊ शकतात असं क्षेत्र सरकारनं ओळखायचं. तिथल्या दलित-आदिवासी नसलेल्यांची हत्यारांची लायसनं गरज वाटल्यास रद्द करायची, हत्यारं सरकारी शस्त्रागारात जमा करून घ्यायची. बेकायदा हत्यारं जप्त करायची. आणि गरज वाटल्यास दलित-आदिवासींना लायसन द्यायचं. होय, छापलेलं आहे, सरकारनंच छापलं आहे. "गरज वाटल्यास" या दोन शब्दांत तीस वर्षं कोंडून ठेवलं आहे. त्यांना गरज वाटत नाही, आणि आपल्याला माहीत नाही. आर्म्स ॲक्टचं कलम १४ सांगतं की अर्जदारापाशी पुरेशी मालमत्ता नाही एवढ्यावरून लायसन नाकारता येत नाही, आणि नाकारलं तर कारण लिहून ठेवावं लागतं. कलम १७ सांगतं की सार्वजनिक शांततेसाठी कोणाचंही लायसन रद्द करता येतं. आपल्या किती संघटनांनी, किती मोर्चांत, यातलं एक कलम तरी बोर्डावर लिहिलं?

मला बंदूक नको. मला ती चालवता येत नाही, आणि शिकायची हौसही नाही. भिंतीवरची त्याची बंदूक खाली उतरली की माझं भागलं.

दोन अर्ज लिहिले. एकात त्या गावाचं नाव, लग्नातला व्हिडिओ, चौकातल्या फिर्यादीची नक्कल, आणि मागणी : नियम ३ प्रमाणे हे क्षेत्र ओळखा, हे लायसन रद्द करा, बंदूक जमा करा. दुसरा साक्षीदारांच्या संरक्षणासाठी, कायद्याच्या कलम १५-अ खाली. पहिल्या सह्या चौघांच्या. पोट्ट्याच्या मायनं पाचवी केली. तिला सही येते, पण हात थरथरला म्हणून नाव रेषेच्या खाली गेलं. ढिला पडलेला साक्षीदार रात्री घरी आला, म्हणाला, "सही नाही करत भाऊ, पण कागद वाचून दाखव." वाचून दाखवला. दुसऱ्यांदा वाचायला लावला. दोन्ही अर्जांची पोच घेतली आहे, शिक्क्यासह. ज्यांना आपल्या गावासाठी असा अर्ज करायचा आहे त्यांनी नक्कल घेऊन जावी. झेरॉक्सचे पैसे आणा, माझ्यापाशी नाहीत.

पोट्ट्याची पुढची तारीख सोमवारी आहे. रविवारी संध्याकाळच्या गाडीनं निघतो. दोघं जण आलेत तर बरं होईल, जामीनदार शोधायला पाय लागतात. त्याच्यासाठी मी परीक्षेचा फॉर्म घेतला आहे. खिशात दुसरं काही घेऊन कोणी येऊ नये.